सुगीच्या लिलावाची वही : एक प्रकरण अभ्यास

साक्री तालुक्याचा पश्चिम भाग, पिंपळनेर-दहिवेलकडचा. मंडळी, म्हणजे गावची ख्रिस्ती उपासना-मंडळी, लहान, बहुतेक घरं आदिवासी, काही अहिराणी बोलणारी. प्रकरणातली बाई ३८ वर्षांची, अंगणवाडी सेविका आणि मंडळीच्या महिला मंडळाची खजिनदार. नवऱ्याची कोरडवाहू शेती : भात, नागली, मका. घरात सासू-सासरे, १३ वर्षांची मुलगी आणि ९ वर्षांचा मुलगा. आजेसासऱ्यांनी मिशनच्या काळात बाप्तिस्मा घेतला, तेव्हापासून घर विश्वासात आहे. तिचं म्हणणं थोडक्यात असं : येशू मला अजून हवा आहे, पण रविवारी त्या दारातून आत पाय टाकवत नाही.

एकाहून अधिक घरांत घडलेल्या गोष्टी इथे एका घरावर बांधल्या आहेत. ओळख लागेल असे तपशील बदलले आहेत आणि रकमाही सोयीसाठी नव्यानं घेतल्या आहेत. कोणाचं किती चुकलं हे ठरवण्यासाठी हे लिहिलेलं नाही. मन उडण्याचं कारण मोजता येण्यासारखं असेल तर आधी ते मोजावं, श्रद्धेचा प्रश्न त्यानंतर हातात घ्यावा, असं आमचं मत आहे. बहुतेक घरांत हा क्रम उलटा होतो आणि नुकसान तिथेच होतं.

लिलाव कसा चालतो

सुगीचा सण या भागात दिवाळीच्या आधी उरकतात. दिवाळी झाली की निम्मी घरं कोयता घेऊन गुजरातेत, बारडोलीकडे ऊसतोडीला निघतात. उपासना संपली की पुढे आणलेला माल अंगणात मांडला जातो : नागलीच्या गोण्या, भात, भोपळे, काकड्या, अंडी, पाय बांधलेले कोंबडे. मग पुकारा सुरू होतो. कोंबड्याची बोली बाजारभावाच्या दुप्पट-तिप्पट चढते. त्यात फसवणूक काही नाही, देण्याची ती एक रीत आहे. बोली जिंकणारा पुष्कळदा कोंबडा तिथेच परत देतो, ‘देवाच्या नावानं पुन्हा पुकारा’ म्हणतो, आणि एकच कोंबडा दुपारभरात तीनदा विकला जातो.

नोंद होते शाळेच्या वहीत, पेन्सिलीनं. वस्तू, घेणाऱ्याचं नाव, बोली, असे तीन रकाने. पैसे हातात आले की नाही यासाठी चौथा रकाना नसतो. आकड्याशेजारी कुणी बारीक टिक करतं, कुणी करत नाही. उत्साहात बोललेली रक्कम अनेकांच्या खिशात त्या दिवशी नसतेच. ‘मुकादमाची उचल मिळाली की देतो’ असं सांगून माणूस घरी जातो, आणि पुढच्या आठवड्यात गावाबाहेर असतो.

त्या वर्षी वही या बाईच्या हातात होती. तिच्या बेरजेनुसार एकूण बोली ६१,४०० रुपये. टिक नसलेली, म्हणजे उधारीची रक्कम १२,६००. रोख जमा ४८,८००. वार्षिक सभेच्या अहवालात मात्र ‘सुगीचा सण : ३१,०००’ एवढीच एक ओळ होती. फरक १७,८०० रुपयांचा.

अशा वेळी पहिला संशय चोरीचाच येतो. लिलावाच्या पैशात फरक पडायला साध्या जागाही पुष्कळ असतात. परत दिलेल्या कोंबड्याची पहिली बोली घेणाऱ्यानं कधीकधी भरलेलीच नसते, कारण ‘मी तर परत दिला’ अशी त्याची समजूत असते. वही लिहिणारा एक, पैसे घेणारा दुसरा आणि पिशवी घरी नेणारा तिसरा असतो. मोजणी रात्री उशिरा, दिवा गेलेला असताना होते. या जागा तपासल्याशिवाय कुणाला चोर म्हणणं अन्यायाचं ठरतं. या प्रकरणात तेच झालं.

प्रश्न विचारताना काय बिघडलं

पहिल्यांदा तिनं विचारलं ते उपासना सुटल्यावर, दाराशी, चार बायकांसमोर. पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, ओशाळले आणि म्हणाले, “ताई, देवाच्या कामात हिशेब काय मागता?” दुसऱ्यांदा वार्षिक सभेत नवरा उठला. त्याच्या हातात कागद नव्हता. बोलता बोलता ‘पैसे खाल्ले’ हे शब्द तोंडून गेले. इतिवृत्तात हिशेबाचा प्रश्न आलाच नाही, फक्त ‘सभासदाने अपशब्द वापरले’ अशी नोंद झाली. पुढच्या रविवारी उपदेशाचा विषय होता ‘माझ्या अभिषिक्तांना (देवानं नेमलेल्यांना) हात लावू नका’, आणि त्यानंतर दोघांना तीन महिने प्रभुभोजनापासून, म्हणजे उपासनेत भाकर आणि द्राक्षारस वाटण्याच्या विधीपासून, दूर ठेवण्यात आलं. ही नवरा-बायको मग जायचीच थांबली.

बायबलच्या मत्तय १८:१५-१७ मधला क्रम सगळ्यांना पाठ असतो : आधी एकट्यानं, मग एक-दोन साक्षीदार घेऊन, मग मंडळीपुढे. इथे सुरुवात दुसऱ्या पायरीच्याही पुढून झाली, तीही साक्षीदारांऐवजी बघ्यांसमोर. वडिलांवरच्या, म्हणजे मंडळीच्या पुढाऱ्यांवरच्या, आरोपासाठी दोन-तीन साक्षीदार हवेत (१ तीमथ्य ५:१९), हा नियम पाळकाला कवच म्हणून सांगितला जातो. खरं तर तो विचारणाऱ्याच्याही बाजूनं आहे. दोन माणसं बरोबर असली की प्रश्न एका घराचा राहत नाही.

एक अपवाद ठळकपणे सांगायला हवा. मत्तय १८ ची पायरी-पायरी पैशाच्या, शब्दाच्या, वागणुकीच्या तंट्यासाठी आहे. लहान मुलाशी लैंगिक गैरवर्तन झाल्याचा संशय असेल तर आधी एकट्यानं भेटून समजावणं हा मार्गच नव्हे. २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि १०९८ हा चाइल्डलाइनचा क्रमांक चालू असतो. ‘मंडळीची बदनामी होईल’ म्हणून वडिलांनी प्रकरण आपसात मिटवणं हा स्वतंत्र गुन्हा ठरू शकतो.

दावीद गुहेत काय करतो

‘अभिषिक्त’ हा शब्द आला की विश्वासी माणसाची जीभ अडते, म्हणून इथे थोडं थांबावं लागेल. ते वचन स्तोत्र १०५:१५ मधलं. तिथे बोलणं चाललंय ते अब्राहाम, इसहाक, याकोब यांच्याविषयी. परक्या मुलखात भटकणाऱ्या मूठभर माणसांना राजांनी छळू नये, असा त्याचा रोख. दुबळ्यांच्या रक्षणासाठी असलेलं वचन अधिकाऱ्याच्या हिशेबवहीवर झाकण म्हणून वापरायचं, हे उलटंच झालं.

तरी कुणी म्हणेल, जिवावर उठलेल्या शौल राजालाही दावीदानं, तो अभिषिक्त म्हणून, हात लावला नाही. बरोबर. १ शमुवेल २४ वा अध्याय पूर्ण वाचावा. एन-गेदीच्या गुहेत शौल हाती सापडतो आणि दावीद त्याला मारत नाही. झग्याचा काठ मात्र कापून घेतो. मग बाहेर येऊन, वाकून नमस्कार करून, ‘बापा’ म्हणून हाक मारून सर्वांच्या देखत तो काठ दाखवतो : हा पुरावा पाहा, आणि माझ्याकडून काय चुकलं ते सांगा. पुरावा हातात, भाषा मर्यादेची, न्याय देवावर सोपवलेला. शौल रडतो, कबुली देतो. तरी अध्यायाच्या शेवटी शौल घरी जातो आणि दावीद आपल्या माणसांसह गडावर जातो. कबुली मिळाली म्हणून तो दरबारात परत गेला नाही. मान ठेवूनही अंतर राखता येतं याला शास्त्रात यापेक्षा चांगला दाखला सापडणं अवघड आहे. या घराला पुढची दिशा याच अध्यायानं दिली.

दुसरा प्रयत्न

चार महिन्यांनी तिनं नव्यानं पत्र लिहिलं. सह्या तिघींच्या होत्या : ती आणि त्या दिवशी लिलावात माल मांडणाऱ्या दोघी. पत्र सेक्रेटरींच्या नावे, प्रत पाळकांना, हातोहात दिलं आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. आरोपाचा एकही शब्द नाही, प्रश्न तीनच. रोख रक्कम कोणी, कधी मोजली आणि त्यावर कोणाच्या सह्या आहेत? ३१,००० सोडून राहिलेल्या रकमेचा खर्च कुठे झाला, व्हाउचर आहेत का? उधारीच्या वसुलीची यादी कुणाकडे आहे? सोबत वहीच्या पानांच्या झेरॉक्स. मूळ वही घरीच. उत्तरासाठी ३० दिवस. खाली २ करिंथ ८:२०-२१ चा उल्लेख : गोळा केलेल्या वर्गणीबद्दल कुणाला बोट ठेवायला जागा राहू नये म्हणून पौल तीताबरोबर मंडळ्यांनी निवडलेला माणूस पाठवतो. हिशेबाचा आग्रह अविश्वासातून येतो असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हे वचन पुरेसं आहे.

उत्तर मुदतीत आलं नाही. पत्राची आठवण दिल्यावर मंडळीतले एक वडील, निवृत्त मास्तर, दोन संध्याकाळ वही घेऊन बसले. त्यातून निघालं ते असं : ९,००० रुपये पाळकांच्या थकलेल्या पगारापोटी दिले होते, ठराव नाही, पावती नाही. ४,२०० स्पीकर सेटच्या दुरुस्तीला. उरलेल्या ४,६०० चा मागमूस लागला नाही.

म्हणजे हिशेब वाईट होता, आणि ‘पैसे खाल्ले’ हे वाक्यही चुकीचं होतं. पाळकांचा पगार पाच महिने अडकला होता हे कमिटीतल्या दोघांखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. ते लाजेनं बोलले नाहीत, कमिटीनं सोय म्हणून पिशवीतून पैसे काढले, आणि हिशेबाच्या प्रश्नाला वचनाचं उत्तर दिलं गेलं.

हे इतक्या ठिकाणी का घडतं, त्यामागे इतिहास आहे. खानदेशात पूर्वेला भुसावळ-जळगावकडे अलायन्स मिशन आणि पश्चिमेला धुळे-नंदुरबारकडे स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन यांनी काम उभं केलं. शाळा, दवाखाना, प्रचारकाचा पगार हे बाहेरून येणाऱ्या पैशावर चालायचं आणि हिशेब मिशनच्या कचेरीत राहायचा. मिशनरी गेले. इमारती आणि जमिनी ट्रस्टच्या नावे राहिल्या आणि पगार उभा करण्याचं ओझं गावच्या दानपेटीवर आलं. पैसे कसे द्यावेत हे लोकांना शिकवलं गेलं होतं. ते कसे विचारावेत हे कुणी शिकवलंच नाही. दशांशाचा (उत्पन्नाचा दहावा हिस्सा देण्याचा) जाच, कुणी किती दिलं ते उपासनेत नावानिशी वाचून दाखवणं, हे सगळं त्या पोकळीतून आलेलं आहे. मत्तय ६:३-४ उघडं ठेवून हे वाचन ऐकलं की कसंसंच होतं, पण कारण कळलं की राग योग्य जागी जातो.

या बाईच्या मनात शहरातल्या मिशन कंपाउंडच्या दुकानगाळ्यांचाही विषय होता : कुणीतरी भाड्यानं देऊन टाकले, वगैरे. तो वेगळा काढायला लावला. लिलावाची रक्कम गावची, जमीन ट्रस्टची, दोन्हींची दारं वेगळी. जमिनीचं ज्यांना पाहायचं आहे त्यांनी आधी सातबारा किंवा मालमत्ता पत्रक काढावं आणि जिल्ह्याच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयातून त्या न्यासाच्या परिशिष्ट १ ची प्रत घ्यावी. मालक कोण आणि विश्वस्त कोण ते तिथे दिसतं. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ प्रमाणे न्यासाची स्थावर मालमत्ता विकायला, तसंच शेतजमीन १० वर्षांहून किंवा बिगरशेती जागा वा इमारत ३ वर्षांहून जास्त मुदतीनं भाडेपट्ट्यानं द्यायला पूर्वमंजुरी लागते. मंजुरीच नसेल तर तक्रारीला पाया आहे. विश्वस्ताला निलंबित करणं, काढणं हे कलम ४१ड खाली येतं, आणि न्यासात हितसंबंध असलेल्या व्यक्तीला त्यासाठी अर्ज करता येतो. सतरा हजारांच्या कोंबडा-भोपळ्यासाठी मात्र हा दरवाजा ठोठावू नये. तारखा पडत राहतात आणि तोवर गावात दोन तट पडलेले असतात.

मोडलं काय आणि शाबूत काय

हिशेब हाती आला तरी तिला प्रार्थना करवत नव्हती. घरच्यांना ते कोडं वाटलं, पण ते साहजिक होतं. तिला एका पानावर चार रकाने करायला सांगितले : पैसा, माणूस, शिकवण, आपलेपणा. प्रत्येकाखाली नेमकं काय गेलं ते लिहायचं. पैशाखाली दोन ओळी आल्या. माणसाखाली पाळकांचं दाराशी बोललेलं एक वाक्य. शिकवणीखाली फक्त नावानिशी दशांश वाचणं. आपलेपणाखाली मात्र पान भरलं : महिला मंडळाचा बुधवार, नाताळच्या गाण्यांचा सराव, मुलीची शब्बाथ शाळा (मुलांचा रविवारचा बायबल-वर्ग), आजारपणात डबा घेऊन येणाऱ्या बायका. येशूच्या शिकवणीतलं काही खोटं वाटू लागलंय का, असं विचारल्यावर ‘नाही’ हे उत्तर लगेच आलं.

हे पान महत्त्वाचं आहे, कारण प्रत्येक रकान्याचा इलाज निराळा. माणसाकडून दुखावलेल्याला शिकवणीचं पुस्तक दिलं तर तो आणखी चिडतो. आपलेपणा गेलेल्याला ‘देव आहे ना तुझ्याबरोबर’ म्हणणं हे पोट रिकामं असलेल्याला जेवणाची वेळ सांगण्यासारखं आहे.

प्रार्थना सुकण्याचं कारणही पुढे कळलं. तिच्या कानात प्रार्थनेची भाषा म्हणून पाळकांचाच आवाज होता. ‘हे स्वर्गीय पित्या’ म्हटलं की तोच सूर आठवायचा. म्हणून काही काळ स्वतःच्या शब्दांत प्रार्थना करणं बंद केलं आणि स्तोत्रं नुसती वाचायला घेतली. १३ वं आणि ५५ वं ही दोनच, आलटून पालटून. पंचावन्नाव्यात शत्रूनं नव्हे, तर देवाच्या घरी बरोबर जाणाऱ्या सोबत्यानंच दगा दिल्याचं रडणं आहे. ते मोठ्यानं वाचताना बायकांचा आवाज जड होतो. तसं झालं तर थांबावं, समजावत बसू नये.

वाचायला मार्क घेतलं, येशूच्या चरित्राच्या चार शुभवर्तमानांपैकी एक. १६ अध्याय, रोज अर्धा, २० मिनिटांपेक्षा जास्त नाही. प्रश्न दोनच : येशू इथे कुणाजवळ जातो? कुणावर चिडतो? आणि एक कडक नियम : त्या २० मिनिटांत पाळकांचं नाव घ्यायचं नाही. हा नियम नसेल तर शुभवर्तमानाची दगडांची पिशवी होते, प्रत्येक परूशी (येशूशी वाद घालणारा कर्मठ धर्मपुढारी) ओळखीच्या चेहऱ्याचा दिसू लागतो. मार्क २:१ ते ३:६ मधले पाच वाद आणि ११ व्या अध्यायापासूनचा मंदिरातला आठवडा सावकाश वाचावा. बारावा संपता संपता विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांना येशू झोडपतो, आणि लगेच दानपेटीसमोर बसून कोण किती टाकतंय ते पाहतो. दोन टोल्या, म्हणजे दोन हलकी नाणी, टाकणाऱ्या विधवेची गोष्ट आपण नेहमी मागचं वाक्य सोडून सांगतो. दोन्ही एकत्र वाचल्यावर दानपेटीकडे पाहत बसणं अधार्मिक नाही, हे या बाईला कळलं. याच शुभवर्तमानात (१:४४) कोड गेलेल्या माणसाला येशू याजकाकडे जाऊन दाखवायला सांगतो, हेही सोडून चालणार नाही. मंदिरावर टीका करणारा येशू मंदिरात जात राहिला.

सासऱ्यांना वाचता येत नव्हतं. रात्री ती उतारा वाचायची आणि मुलगी तो अहिराणीत सांगायची. सासऱ्यांचं मत त्यांनी एकदाच दिलं : “देवले सोडू नको माय, पन वहीले बी सोडू नको.”

बुधवारची बैठक

पाचव्या महिन्यात चार घरं मिळून बुधवारी संध्याकाळी साडेसातला जमू लागली. १४ माणसं, एक तास. घरच्या बैठका कुठे फसतात याची या एका बैठकीत जवळजवळ सगळी उदाहरणं सापडतात.

पहिले पाच बुधवार पाळकांवरच गेले. उपाय साधा : मंडळीचा विषय चहानंतर, चहाआधी नाही. चहानंतर निम्मी माणसं उठतात, विषय आपोआप आटोपतो. मग नात्यातला एक जण शहरातून येऊ लागला. आवाज मोठा, ‘मला दर्शन झालं’ अशी सुरुवात, आणि तिसऱ्या खेपेला तोच चालक. एका माणसाला कंटाळून बाहेर पडलेली माणसं दुसऱ्या माणसाच्या हाती किती लवकर सापडतात, हे पाहण्यासारखं असतं. म्हणून ठरलं : ज्याच्या घरी बैठक त्यानं चालवायची, पाहुण्यानं नाही. वर्गणी गोळा करायची नाही, चहा घरमालकाचा.

दिवाळीनंतर १४ ची ६ माणसं झाली आणि ‘आपलं मोडलं’ अशी हाय खाल्ली गेली. मोडलं काहीच नव्हतं, दोन घरं ऊसतोडीला गेली होती. या भागात दिवाळी ते होळी हा काळ धरूनच आखणी करावी लागते. गेलेल्यांना रात्री आठला फोन, दहा मिनिटं, एक उतारा. तोडकऱ्यांचा दिवस पहाटे सुरू होतो, त्यापेक्षा जास्त वेळ कुणी ऐकत नाही.

प्रभुभोजनावरून वाद झाला. काहींना घरीच भाकर मोडायची होती. त्यांच्या परंपरेत ते दीक्षित पाळकच देतात. शेवटी घरी फक्त महिन्यातून एकदा एकत्र जेवण, आणि प्रभुभोजनाला पहिल्या रविवारी शेजारच्या गावच्या मंडळीत, तिथल्या पाळकांना आधी सगळं सांगून. हा निर्णय योग्य होता. त्यामुळे ‘फूट पाडली’ या आरोपाला आधार उरला नाही. गावातही दार उघडं ठेवून, लाउडस्पीकर न लावता बैठक घेतली आणि पोलीस पाटलांच्या कानावर घातलं. नव्या घरात गाणी सुरू झाली की सध्या चर्चा होते, ती आधीच संपवलेली बरी.

घरी बसून येशूचं अनुकरण करण्याची कल्पना मराठीत नवी नाही. ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचं काम सोडलं आणि ‘देवाचा दरबार’ काढला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही शिष्य यावेत ही योजना. १९१९ मध्ये ते गेले आणि दरबार पुढे टिकला नाही. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, पण मत आणि अधिकार यांबाबत तिथल्या गुरुजनांशी पत्रांतून भांडत राहिल्या, आणि पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं केलं. ते आजही आहे. एकाचं काम त्यांच्या देहाबरोबर संपलं, दुसरीचं टिकलं. दुसरीनं घर, शेत, छापखाना, कामाची वाटणी असं सगळं उभं केलं होतं. संस्थेला कंटाळलेल्यानं याकडे पाहावं. व्यवस्था नको म्हणून चालत नाही, ती हिशेबी हवी.

सासूबाईंचं वेगळंच झालं. त्या एका मोठ्या चंगाई सभेला, म्हणजे प्रार्थनेनं आजार बरे करण्याच्या सभेला, जाऊन आल्या आणि मधुमेहाच्या गोळ्या थांबवल्या. तीन आठवड्यांत पाय सुजले. उपकेंद्रात साखर ३०० च्या वर निघाली, गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. गोळी थांबवायला सांगणाऱ्या सभेत पुन्हा जायचं नाही, एवढा एकच नियम घरात झाला. तो पुरतो.

रजिस्टरातलं नाव

रागाच्या भरात नवऱ्यानं नाव काढून टाकायचा अर्ज लिहिला होता. तो थांबवला. मंडळीचं रजिस्टर म्हणजे नुसती श्रद्धा नव्हे. बाप्तिस्म्याचा दाखला, लग्न, दफनभूमी हे सगळं त्याच रजिस्टराला बांधलेलं असतं. बाहेर पडायचंच असेल तर आधी सगळ्यांचे बाप्तिस्म्याचे आणि लग्नाचे उतारे, सही-शिक्क्यानिशी, दोन-दोन प्रतींत घ्यावेत. भांडण पेटल्यावर ‘रजिस्टर सापडत नाही’ हे उत्तर येतं. मुलांच्या लग्नाला पर्याय आहे : १९५४ चा विशेष विवाह कायदा, ३० दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार. दफनाला मात्र इतका सोपा पर्याय नाही, आणि मृत्यू नोटीस देऊन येत नाही. अनुसूचित जमातीचा दाखला धर्मावर अवलंबून नाही, त्याची भीती कुणी घातली तर ऐकू नये.

नवव्या महिन्यात सासरे गेले. सकाळी सहाला निरोप, दुपारी दोनपर्यंत दफन व्हायला हवं. कमिटीतल्या एकानं दोन वर्षांच्या थकलेल्या वर्गणीचा विषय काढला. नवरा उसळला असता, पण पैसे आधीच बाजूला ठेवलेले होते. रक्कम भरली, पावती घेतली, पावतीमागे लिहून घेतलं : ‘सुगीच्या हिशेबाचा प्रश्न कायम ठेवून’. पाळक आले. खड्ड्यात उतरून त्यांनी स्वतः पेटी सरळ लावली. प्रार्थना छोटी केली.

वर्गणीचे पैसे बाजूला होते ते एका डब्यामुळे. मंडळीत जाणं थांबलं तेव्हापासून महिन्याचे ८०० रुपये ती वेगळ्या डब्यात टाकत होती, वहीत तारखेसह. देणं थांबवलं की माणूस आतून आखडतो, आणि पुढे ‘पैसे वाचवायलाच गेली’ असं बोलणाऱ्यांना तोंड मिळतं. नऊ महिन्यांत ७,२०० झाले. त्यातून थकलेली वर्गणी गेली, आणि सिकलसेल असलेल्या एका मुलाच्या धुळ्याच्या सरकारी दवाखान्यातल्या फेऱ्यांचं भाडं.

आजची स्थिती

पुढच्या सुगीला वहीत चार रकाने होते. परत दिलेल्या वस्तूपुढे ‘पुन्हा’ असा शेरा आणि पहिली बोली भरली की नाही याची वेगळी नोंद. क्रमांक घातलेलं पावतीपुस्तक. मोजणी उजेडात, दोन कुटुंबांतल्या दोघांनी, सह्यांसह. सोमवारी बँकेत भरणा आणि भरणा पावतीची झेरॉक्स दाराच्या फळीवर. उधारीची यादी मुकादमांच्या गावांप्रमाणे लावली, म्हणजे वसुलीला कुणाला कुठे गाठायचं ते कळतं. पाळकांचा पगार अंदाजपत्रकात पहिल्या ओळीवर आला. सगळ्यात उशिरा आणि सगळ्यात कुरकुरत मान्य झालेला बदल हाच होता. ४,६०० रुपयांवर ‘शोध लागला नाही’ असा ठराव झाला. तो समाधानकारक नाही.

दशांशाची नावं अजून वाचली जातात. त्यावर तिघींनी दुसरं पत्र दिलं आहे.

ती खजिनदार राहिली नाही, होणारही नाही म्हणते. सण आणि महिन्याचा एखादा रविवार मंडळीत, बाकी बुधवार. नवरा सणालाच येतो. मुलगी दृढीकरणाच्या, म्हणजे आपला विश्वास मंडळीसमोर स्वतः कबूल करण्याच्या विधीच्या, वर्गाला बसते पण यंदा त्या विधीला उभी राहणार नाही असं तिनं पाळकांना स्वतः सांगितलं. त्यांनी पुढच्या वर्षीच्या यादीत तिचं नाव पेन्सिलीनं लिहून ठेवलं आहे आणि वर्ग मास्तरांकडे सोपवला आहे.